काठीवरचा डबा

संक्रांतीच्या तोंडावर शेजारच्या खोलीतला माणूस चहा पिता पिता सहज म्हणाला, "रविवारी गावाकडं कपाशीची पऱ्हाटी फवारून आलो." मी बशी खाली ठेवली.

आम्ही तेव्हा चिकलठाण्याला राहायचो, कारखान्याच्या भोंग्यावर उठायचो. हा माझ्या नवऱ्याच्याच पाळीत, पाचोडकडचा. त्याच्या वडिलांच्या रानात दरवर्षी वेचणी संपली की माझा बाप मेंढरं घालायचा. उरलीसुरली बोंडं, पाला मेंढरं साफ करायची, आतल्या अळ्याही त्यातच जायच्या, वर रानाला लेंड्यांचं खत. म्हाताऱ्या मालकाला ते पटलेलं होतं. मुलाला मात्र फरदड हवी होती, म्हणजे तीच पऱ्हाटी राखून आणखी चार बोंडं. वडिलांना न विचारताच त्यानं अळीचं जहाल औषध मारलं होतं.

"अवो, माझे आबा उद्या मेंढरं घालत्यात तिथं!"

"घाबरताय काय वहिनी? औषधाचा डबा बांधावर काठीला अडकवलाय. लाल त्रिकोण हाय, कवटी हाय. आंधळ्यालाबी कळंल."

आंधळ्याला कळलं असतं, माझ्या बापाला नाही. आमच्या माणसांना काठीवरचा डबा म्हणजे पाखरं हाकायचं खुळखुळं. त्यावरची चित्रं बघत बसायला कुणाला सवड? आणि मेंढरं गेली की बापाचा संसारच गेला.

मी फोनच्या बूथवर गेले, पाचोडच्या दुकानातला फोन लागेना. एसटी बंद. विद्यापीठाच्या नावाचा वर्षानुवर्षांचा लढा शेवटाला आला होता. कुठं पेढे वाटत होते, कुठं टायर जाळत होते, चौकाचौकात पोलीस. ज्यांनी त्या नावासाठी सोसलं त्यांच्यासाठी मला बरंच वाटत होतं, पण जीव पाचोडात अडकलेला. नवरा म्हणाला, "रस्ता सुरू झाला की जाऊ." मी म्हटलं, "तोवर मेंढरांनी उपास धरायचा का?"

उजाडता उजाडता सायकलवर डबलसीट निघालो. तो पायडल मारत कुरकुरत होता, मी मागं बसून त्याला घाई करत होते. चढावर उतरून मी सायकलच्या पुढं पळायची. आडूळजवळ काठ्या घेतलेल्या माणसांनी अडवलं. "आडनाव?" नवऱ्यानं सांगितलं. कुठं चाललात, काय अडलंय, हे एकानंही विचारलं नाही. माझं डोकंच फिरलं. "तिकडं मेंढरं मरायला लागलीत अन् आडनावं कसली इचारताय?" एकानं काठी बाजूला घेतली, तेवढ्यात आम्ही निघालो.

पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कळप शेजारच्या पडीक रानात चरत होता. बाप मालकाची वाट बघत बांधावर बसलेला. मी रडायलाच लागले. धापा टाकत सगळं सांगितलं.

"फवारलंय व्हय? बरं झालं आलीस," बाप म्हणाला. "दुसरं रान बघू. घसा वाळला आसंल तुझा. आधी पाणी पे."

त्यानं डबा पुढं केला. मी दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि वास आला. उग्र, नाकात झोंबणारा. डबा खाली घेऊन फिरवला. राखेनं घासून लखलखीत केलेला, पण लाल त्रिकोण अर्धा उरला होता.

"ह्यो कुठला, आबा?"

"त्या काठीवरचा. वाऱ्यानं लई खडखडायचा, मेंढरं बुजायची. सकाळीच काढला, घासला, हिरीवरनं भरून आणला. चांगला डबा हाय."

"तुमी पेलात का ह्यातलं?"

बापाला प्रश्नाचंच नवल वाटलं.

"मेंढरं अजून पाण्यावर कुठं गेलीत? त्यांच्या आधी मी कधी पेलोय का?"

मी पाणी तिथंच ओतलं. असा डबा भोकं पाडून पुरायचा असतो, हे त्याच्यावरच छापलेलं असतं. बापाची कुऱ्हाड उचलली आणि घाव घालत सुटले. बुडाला भोक पडलं, बाजूला पडलं, झाकण उडून मातीत गेलं. नवरा विहिरीपासून लांब खड्डा खणत होता.

"अगं, पुरं की आता," बाप म्हणाला. "पाणी ऱ्हायाचं नाय त्यात."

मला थांबता येत नव्हतं.