लाखावर एक बेलपान

कर्जतजवळ चौक गावाला हायवेच्या कडेला पोपटशेठचं गॅरेज आहे. गाडीत काय बिघडलंय हे कळायला त्यांना अर्धा दिवस लागतो, पण तिचा नंबर कितीनं भागतो हे ती थांबायच्या आत कळतं. गिऱ्हाईक बिचारं क्लचचं विचारतं आणि शेठ सांगतात, "सातनं भाग जातोय, जपून चालवा." दहावीला गणितात दोनदा नापास होऊनही गणितावर इतकी निःस्वार्थ माया करणारा माणूस विरळाच.

त्यांच्या गावात भावक्या अकरा. श्रावणी सोमवारी शंकराला पूजाही अकरा, आणि अकरांची तोंडं अकरा दिशांना. सगळ्या गावानं मिळून एकदा लाख बेल वाहावा, ही शेठची वीस वर्षांची इच्छा. यंदा त्यांनी गणिताला हाताशी धरलं. देवळात बैठक बोलावून म्हणाले, "लाखाचे सरळ दोन भाग व्हतात. म्हनून वर एक पान. एक लाख एक! दोननं बघितलं, तीननं, पाचनं, सातनं. भागतच नाय. गावाचं बी तसंच व्हावं."

सातच्या पुढं त्यांनी बघितलंच नव्हतं. पुढचे सगळे आकडे म्हणजे या चौघांचीच पोरंबाळं, असा त्यांचा स्वतंत्र शोध होता.

अकराही भावक्यांचे म्हातारे चक्क हो म्हणाले. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं.

मागं त्यांची सून सोनाली बसली होती. कर्जतच्या कॉलेजात गणित घेऊन बीएस्सी झालेली. घरात त्या गणिताचा उपयोग कुकरच्या शिट्ट्या मोजायला व्हायचा. तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, अकरानं भाग जातो की. नऊ हजार एक्क्याण्णव."

थोरल्या भावकीचे बुधाजी सावरून बसले. "मंजे दर भावकीला सारखी पानं? बाकी कायच नाय?"

"नाही."

"मंग एकत्र कशाला? ज्यानं त्यानं आपापली वाहावी."

बांधापासून आंब्यापर्यंत गावात कशाचीच वाटणी इतकी चोख झाली नव्हती. सोनालीचं कौतुक करत मंडळी उठली.

घरी येऊन शेठनी सुनेपुढं वही ठेवली. "तू आदी का नाय बोललीस गं?"

"तुम्ही कधी विचारलंच नाही."

शेठ ओशाळले. "कोनाच्या बानं भागनार नाय, असा आकडा दे."

भात शिजत ठेवून तिनं तीनशे सोळापर्यंतच्या, म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं. पासष्ट भागाकार, एकही पुरा गेला नाही. एक लाख तीन! फक्त दोन पानं वाढवायची होती.

सोमवारी देवळात नऊ हजार एक्क्याण्णव पानांची एक, अशा अकरा टोपल्या आल्या. शेठनी ती दोन पानं दाखवून आकडा समजावला. सगळ्यांना पटला. प्रश्न एवढाच उरला, की वरची दोन पानं कोणत्या भावकीनं वाहायची. बुधाजी म्हणाले, थोरल्यांचा मान. बाकीच्या दहा जणांकडेही तितकीच भक्कम कारणं होती. दुपारपर्यंत बाचाबाची चालली. शेवटी अकरा टोपल्या अकरा वेगळ्या पूजांत पिंडीवर रिकाम्या झाल्या, आणि ती दोन पानं कोणीच कोणाला वाहू दिली नाहीत. शेठनाही नाही, कारण तेही एका भावकीचेच.