दोन माणसांची मोटार

मोटार विकत घेणारी माणसं नंदुरबारातही होती. पण सुपावरून मोटार काढणारा माणूस सबंध खानदेशात एकच झाला, आणि तो माझा धाकटा दीर. हे मी अभिमानाने सांगते, कारण ते सूप माझं होतं.

भाऊजी कापसाच्या जिनात फिटर होते. गोष्ट दुसऱ्या लढाईच्या आधीची. बदलून गेलेल्या कुणा साहेबाची मोडकी फटफटी त्यांच्या हाती लागली आणि तिच्या इंजिनावर दोन माणसांची, जोरात पळणारी मोटार बांधायचं त्यांनी ठरवलं. नकाशा कोळशाने, माझ्या चुलीसमोरच्या जमिनीवर. मी रोज सारवायची, ते रोज नव्याने काढायचे. त्यामुळे चुका राहत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी तूर पाखडत असताना त्यांनी हातातलं सूप घेतलं, पालथं धरलं, वारा त्यावरून कसा सरकतो ते फुंकून दाखवलं. "वैनी, मोटारनं तोंड असं पाहिजे," म्हणाले आणि सूप घेऊन गेले. पत्रा रॉकेलच्या डब्यांचा, गादीत जिनातला कापूस, सांगाडा छकड्यासारखा हलका. पहिली गाडी वळणावर कलंडली, म्हणून दुसरी ठेंगणी केली. दुसरीचं इंजिन मागे होतं, ते तापून गादी पेटली, म्हणून तिसरीत ते पुढे आणलं. एवढीशीच का, असं कुणी विचारलं की सांगत, "जड गाडी म्हंजे रुसेल जवाई. जागावरथीन हालस नही." खरं म्हणजे डबेही संपले होते.

पहिल्या दोन्ही गाड्या बैलांनी ओढून घरी आणल्या होत्या. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ती शोभा पुन्हा नको होती. तिसऱ्या गाडीने दिवस मावळायच्या आत तापीकाठ गाठून परत यायचं, बैल न जुंपता. नाहीतर गाडी भंगारात आणि भाऊजी नांगरावर. साक्षीला मी. मी नाशिककडून आलेली, म्हणून कुणाच्या बाजूची नाही, असा त्यांचा समज.

जाताना आम्ही दोन टांगे आणि एक लग्नाचं वऱ्हाड मागे टाकलं. नदीकडे उतरणारी वाट मात्र अरुंद, दोन्हीकडे केळी. गाडीला मागे जाताच येत नाही, हे मला तिथे कळलं.

"छकडं कोनी मांगे नेस का?" भाऊजी शांतपणे म्हणाले.

वाट अडल्याने केळीतला गुजर म्हातारा वैतागला होता. "मन्ही म्हैस बी मांगे सरकस," तो म्हणाला.

"बाबा, म्हशीचं मग सांगा, आधी हात लावा," मी म्हटलं. त्याने तीन गडी बोलावले. चौघांनी गाडी उचलली आणि पाळण्यासारखी अलगद फिरवून ठेवली.

उन्हं असतानाच घरी पोचलो. मामंजी ओट्यावर होते. मी घडलं तसं सांगितलं, चार माणसांचंही. भाऊजी खाली बघत उभे राहिले. मामंजींनी गाडीभोवती एक फेरी घातली, पत्र्यावर बोटं वाजवली.

"मानसं लागनात, लागू दे. बैल नही ना लावा?"

"नाही, मामंजी."

"मंग उद्या मी बठसू."

दुसऱ्या दिवशी ते नवा फेटा बांधून बसले. पळण्यासाठी बांधलेली ती मोटार भाऊजींनी इतकी सावकाश चालवली की आधी सायकलवाले पुढे गेले, मग कापसाच्या गाड्या. मामंजींची ती एकच फेरी झाली. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, आणि मग लढाईत पेट्रोल आटलं. त्या फेरीच्या दिवशी मी गाडीशेजारून चालत होते. काही बिघडलंय का, असं मी भाऊजींना हळूच विचारलं.

"नही, वैनी," ते समोर बघत म्हणाले. "गाडीमा बाबा बठेल शेतस."