बाभळीचा हात

जिंतूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. करंट असल्याशिवाय काहीही हलत नाही, एवढंच मी आयुष्यभर मानत आलो. मंत्र-बिंत्र सांगणाऱ्यांची दुकानात बसून भरपूर टिंगल केली आहे. म्हणून हे लिहायला इतके दिवस कचरत होतो...

चार वर्षांपूर्वी सोयाबीनच्या मळणीत माझा धाकटा भाऊ बाळू याचा उजवा हात मनगटापासून गेला. शुद्धीवर आल्यावर त्याला काहीच आठवत नव्हतं. पाय घसरला आणि हात यंत्रात गेला, हे त्याला आणि घरच्यांना मीच सांगितलं.

गेल्या वर्षी पोखर्णीजवळच्या एका म्हाताऱ्या सुताराबद्दल कळलं. माप घेऊन महिन्याभरात मिस्त्रींनी बाभळीचा हात कोरला. नखं, पेरं, तळव्यावरच्या रेषासुद्धा... असं काम मी कुठं पाहिलेलं नाही.

हात घ्यायला मी आणि बाळू पोखर्णीच्या देवळात नारळ फोडून त्यांच्याकडे गेलो. हात मांडीवर घेऊन ते म्हणाले, "पयला हात कसा गेला ते सांगा. लाकडाला सांगावं लागतंय, मग मंत्र. मग हलतो."

मी हसलो. "लाकूड हलणार?"

"खांबातून निघालेल्या देवाला आत्ताच नारळ फोडून आलात, अन् लाकडाला मेलेलं म्हनता व्हय?"

मी नेहमीचंच सांगितलं. त्यांनी तेच हाताला सांगितलं, मंत्र म्हटला, बाळूच्या मनगटावर पट्टे आवळले. काही झालं नाही.

"खरं न्हाई सांगितलं तुमी," मिस्त्री म्हणाले. रागानं नाही. "घेईना झालाय तो."

बाळूच मला सावरायला लागला. "जाऊ द्या काका, दादा कशाला खोटं बोलंल? दिसायला तर लय बेस हाय."

ते मला सहन झालं नाही. तिथंच भुईवर बसून सांगितलं — बाळू यंत्रात अडकलेला भुसा काढत होता. मला दुकानात परत जायची घाई होती. मागं न बघता मी यंत्राला जोडलेला ट्रॅक्टर चालू केला, आणि त्याबरोबर यंत्रही फिरलं. पाय घसरलाच नव्हता.

बाळूनं स्वतःच्या पायाकडं पाहिलं. मग म्हणाला, "तीन वर्षं मी माझ्या पायाला शिव्या द्यायलोय, दादा."

मिस्त्रींनी वाकून हाताला ते सगळं सांगितलं. पुढचे चार-पाच शब्द मला समजले नाहीत. भर दुपार होती, अंगणात लख्ख ऊन. बाभळीची बोटं एकेक करून मिटली... आणि उघडली.

नंतर मी तो हात काढून घेऊन तपासला. तार नाही, स्प्रिंग नाही, सांधासुद्धा नाही. भरीव लाकूड. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "मी निसतं सांगतो. हलायचं का न्हाई ते त्याचं तो ठरवतो." एवढी विद्या असलेला माणूस, आणि बोलता बोलता कुणाच्या तरी पाळण्याला रंधा मारत होता.

बाळू आता दोन्ही हातांनी म्हशीची धार काढतो. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलतो, आणि ते बरोबरच आहे. परवा पहिल्यांदाच दुकानात आला. मी चहाचा ग्लास पुढं केला, त्यानं उजव्या हातानं घेतला. लगेच खाली ठेवला आणि त्या लाकडी बोटांवर फुंकर मारली.

"लय गरम हाय," म्हणाला.

याचा अर्थ मला लागलेला नाही. दुसरा ग्लास आणून मी चहा निववून दिला.