डिकीवरची ताडपत्री

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तिच्यापासून मी फक्त दोन गोष्टी लपवल्या – एक म्हणजे अधूनमधून तंबाखू खातो ती, आणि ती तिला केव्हाच कळलेली आहे. दुसरी ही.

तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही आमच्या अंगणात कधी येणार नाही, म्हणून. आलात, तर इतरांसारखेच गाडीभोवती एक चक्कर माराल, बॉनेटवरून हात फिरवाल आणि म्हणाल, हे सगळं घरी केलंत? आणि मी हसून मान डोलावेन. तीन वर्षं हेच करतोय.

गाडी माझी नाही, दादाची. माझ्या थोरल्या भावाची. पद्मिनी – ती जुनी, स्टिअरिंगला गिअर असलेली. मखमलाबादला आमचा गुलाबाचा आणि निशिगंधाचा मळा. दादा पहाटे डिकीत फुलं भरून बाजारात न्यायचा, त्यामुळे त्या गाडीला कधी पेट्रोलचा वास आलाच नाही. दादा अचानक गेला, आणि गाडी शेवग्याच्या झाडाखाली उभी राहिली ती सहा वर्षं. टायर बसले, पत्र्याला गंज चढला, मागच्या सीटवर मांजर दोनदा व्यायलं. वहिनी रोज सकाळी तिच्यासमोरून जायच्या, पण बघायच्या नाहीत.

वहिनींबद्दल आधी सांगायला हवं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. आई लवकर गेलेली. माझ्या परीक्षेच्या दिवसांत चार वाजता उठून चहा कुणी केला, माझ्या लग्नात आईच्या जागी कुणी उभं राहिलं – सगळं वहिनींनी. दादा गेल्यावर त्या एकदम मिटल्या. कुणी त्यांना काही बोललं नाही हो, आमचं घर तसं नाही. पण हळदीकुंकवाला त्या आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या, आणि आम्हीही कुणी ‘बाहेर या’ म्हटलं नाही. न बोलताही बरंच काही बोललं जातं, नाही का?

मग मी कारखान्यातून आधीच निवृत्ती घेतली आणि डोक्यात किडा वळवळला – दादाची गाडी उभी करायची. सटाण्याला आत्याच्या मुलाचं गॅरेज आहे. त्याने खर्चाचा आकडा सांगितला, तो ऐकून मी पाणी मागितलं. आणि तिथेच, चारचौघांत, बोलून बसलो – एवढ्यात तर मी घरी करून दाखवतो! तीस वर्षं मी कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. पत्र्याशी माझा संबंध डब्याच्या झाकणापुरता. पण बोललो खरा.

आणि खरंच केलं. मोबाईलवर बघून बघून केलं. भंगारातून हेडलाईटच्या रिंगा शोधल्या, सीटला रिक्षाच्या सीट शिवणाऱ्याकडून रेक्झिन घालून घेतलं, कॉम्प्रेसर एका मित्राचा उसना आणला. धूळ बसू नये म्हणून शेवग्याखाली जुन्या साड्यांचा मांडवच घातला. शेजारी विचारायचे, लग्न कुणाचं?

पहिले आठ दिवस मी एकटाच घासत होतो. नवव्या दिवशी वहिनी चहा घेऊन आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या, आणि पदर खोचून म्हणाल्या, ‘‘द्या इकडे. तुम्ही भांडी घासल्यासारखं घासताय.’’

त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी हलका. गंज काढून झाला की खड्डे भरायला लांबी लावतात – तुम्ही भिंतीला लावता तीच, गाडीची जरा वेगळी – आणि ती वाळली की पाणी लावून पॉलिश पेपरने घासायची. वहिनी डोळे मिटून पत्र्यावर तळवा फिरवायच्या आणि मला न दिसणारा उंचवटा बरोबर सांगायच्या. गुलाब तोडून तोडून काटे बोचलेली ती बोटं. दोन महिन्यांत त्या गाणी गुणगुणायला लागल्या. पुतणी, रेवती, पुण्याहून आली तेव्हा दारातच थांबली. मला हळूच म्हणाली, काका, आई हसतेय.

हे ऐकून मला काय वाटलं असेल? गाडी गेली खड्ड्यात, असं वाटलं. ही बाई परत आली, एवढं बास.

रंगाचं तर त्यांनीच ठरवलं. दादाने मधे गाडी पांढरी करून घेतली होती, पण दाराच्या आतल्या पत्र्यावर मूळचा फिका पिस्ता रंग निघाला. वहिनी आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि त्या एक साडी घेऊन बाहेर आल्या. गाडी घेतली त्याच आठवड्यात दादाने आणलेली, गाडीच्या रंगाची. दादा म्हणे चिडवायचा, आता बाजारात गाडीशेजारी उभी राहू नकोस, दिसणारच नाहीस. दादा गेल्यापासून ती नेसलेली नव्हती. भद्रकालीत रंगाचं दुकान आहे, तिथल्या चाचांनी त्या साडीचा पदर समोर धरून थेंब थेंब रंग मिसळला. साडी घडी करून परत देताना ते म्हणाले, ‘‘भाऊ, एक बात ध्यानात ठेव. लांबी पाणी पिते. घासून झाली की दोन दिवस कडक ऊन दे, मगच रंग. नाहीतर आतलं पाणी वर येतं.’’

हे त्यांनी मला सांगितलं होतं. मला कळलंही होतं. हे तुम्ही विसरू नका – मी विसरलेलो नाही.

छत झालं, दारं झाली, सुरेख झाली. त्या प्रत्येकाला मी दोन दिवस ऊन दिलं. बॉनेट आणि डिकी, दोनच राहिली, आणि दसरा आला. दसऱ्याला गाडीची पूजा करायची, संध्याकाळी त्याच गाडीतून सोनं वाटायला जायचं, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. आत्या आणि तिचा तो गॅरेजवाला मुलगाही येणार होते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. अष्टमीला अंधार पडेपर्यंत आम्ही बॉनेट-डिकी घासली, पाणी ओतून ओतून. आणि नवमीला सकाळी प्रायमर, दुपारी रंग. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करून ती ठेवून द्यायची असतात. मी मात्र स्प्रे गन चालवत होतो. वहिनींनी एकदा विचारलंसुद्धा, ऊन नको का द्यायला? मी म्हटलं, काही होत नाही.

दसऱ्याच्या सकाळी गाडी उन्हात आणून लावली. काय दिसत होती म्हणून सांगू! झेंडूचं तोरण, चाकाखाली लिंबू, नारळ. पूजेचं ताट माझ्या बायकोच्या हातात होतं. आणि मला – मला त्या दिवशी मोठं व्हायचं होतं. मी ताट घेतलं आणि वहिनींसमोर धरलं. म्हटलं, दादाची गाडी आहे, पूजा तुम्ही करायची. त्या मागे सरकल्या. आत्याकडे बघितलं. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, ‘‘चला वहिनी, आजच्या काळात कोण मानतं हे!’’

त्या आत गेल्या आणि पिस्ता साडी नेसून आल्या. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं. एक रेघ वाकडी गेली. माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता – आठवलं की आता अंगावर काटा येतो.

श्रीखंड-पुरी झाली, सगळे आडवे झाले. ऑक्टोबरचं ऊन. तीनच्या सुमारास मी एकटा बाहेर आलो. बॉनेटवर फोड आले होते. दूध उतू जायच्या आधी येतात तसे, लहान-मोठे, स्वस्तिकाच्या भोवती आणि त्याच्या आतही. मी धावत मागे गेलो. डिकीवरही तसेच. तिथे कुणी हळद लावली नव्हती, कुंकू लावलं नव्हतं, बोटसुद्धा लावलं नव्हतं. एक फोड मी नखाने दाबला. आतून पाणी आलं. लांबी पाणी पिते.

आता येतो त्या गोष्टीवर.

घरात माणसं उठल्याचा आवाज आला. शेवग्याखाली ताडपत्री पडली होती. ती मी उचलली आणि डिकीवर ओढली.

बस. एवढंच. त्या क्षणी माझ्या मनात वहिनी नव्हत्याच, शपथेवर सांगतो. आत्याच्या मुलासमोर निम्मी तरी फजिती झाकावी, एवढंच होतं. पण त्याने काय फरक पडतो? पुढच्या पाच मिनिटांत तर सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

आत्या बाहेर आली, गाडीसमोर थबकली. ‘‘हाई काय व्हयनं?’’ म्हणाली. मग स्वस्तिकाकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, आणि बाकीचं हळू आवाजात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं – ‘‘शकुनाचं काम व्हतं. म्हनून म्हनत्यात, ज्याचं त्यानं करावं.’’ आत्याचा मुलगा पुढे वाकून फोड बघायला लागला, तेव्हा मी डिकीजवळ सरकून उभा राहिलो. पण तो नुसता ‘च्च’ म्हणून मागे झाला. तो माझी कीव करत होता, की त्याला कळलं होतं, हे मला आजही माहीत नाही.

वहिनींनी आपला उजवा तळवा वर करून बघितला. बोटांना अजून हळद होती. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, ‘‘भाऊजी, माझ्यामुळे झालं का हो?’’

ताडपत्री माझ्यापासून हातभर अंतरावर होती. ओढली असती, तर प्रश्नच मिटला असता. त्या डिकीने माझ्या वतीने सगळं सांगितलं असतं, मला तोंडही उघडावं लागलं नसतं.

मी म्हणालो, ‘‘असू द्या, वहिनी. होतं असं.’’

कळतंय ना, मी काय केलं? मी त्यांना माफ केलं. मी – त्यांना! आणि लोकांना तो माझा मोठेपणा वाटला. संध्याकाळी गाडी बाहेर काढलीच नाही; बायको म्हणाली, किती समजून घेतलंत तुम्ही. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणे; इथे तर चोरच संन्याशाच्या पाठीवरून हात फिरवत होता.

आठवड्याभरात मी दोन्ही पत्रे पुन्हा खरवडले. डिकी आधी, कुणी घरात नसताना. या वेळी तीन दिवस ऊन दिलं. रंग असा बसला की अजून एक ओरखडा नाही. वहिनी मदतीला आल्या नाहीत. मी बोलवायला गेलो तेव्हा त्या दारातूनच म्हणाल्या, ‘‘नको. तुमच्या कष्टाला माझा हात नको लागायला.’’ गाणं बंद झालं, अंगणात येणं बंद झालं. पूर्वी त्या आपणहून मागे राहायच्या, पण मनात कुठेतरी त्यांना ते पटत नसावं. आता पटलं होतं. पुरावा मिळाला होता ना – आणि तो मी दिला होता.

गेल्या वैशाखात रेवतीचं लग्न झालं. मुलीला हळद लावायची वेळ आली आणि वहिनी दिसेनात. त्या मागच्या खोलीत गाडीसाठी हार ओवत बसल्या होत्या. रेवती ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे आली. म्हणाली, ‘‘काका, तुम्ही सांगा ना आईला. तुमचं ऐकते ती.’’

मी गेलो. त्या खोलीत आम्ही दोघंच. याहून चांगली संधी माणसाला काय मिळायची? एक वाक्य होतं – वहिनी, डिकीवरही फोड आले होते. पाच शब्द. वाटेत मी ते दोनदा मनात म्हणूनही बघितलं. आणि तोंडातून काय निघालं? ‘‘चला वहिनी, आजच्या काळात कोण मानतं हे.’’

त्यांनी सुईत फूल ओवलं. वर न बघता म्हणाल्या, ‘‘भाऊजी, मागच्या वेळेलाही तुम्ही असंच म्हणाला होता.’’

त्यात राग नव्हता. मला समजावत होत्या त्या. मी बाहेर आलो आणि रेवतीला सांगितलं, नाही म्हणतात. तिला पहिली हळद माझ्या बायकोने लावली. वहिनींनी ओवलेले हार गाडीला घातले, आणि रेवती त्याच गाडीतून सासरी गेली. गाडी मीच चालवली. आरशात दिसत होतं – वहिनी फाटकाच्या आत उभ्या होत्या, हात पदरात गुंडाळून.

दर दसऱ्याला त्या पूजेचं ताट तयार करतात. हळद, कुंकू, अक्षता, सगळं जिथल्या तिथे. ते उंबरठ्याच्या आतून माझ्या हातात देतात आणि दोन पावलं मागे सरकतात. मी ते घेतो. यंदाही घेतलं.

यंदा ताटासोबत त्यांनी आणखी एक पुडकं दिलं. म्हणाल्या, गाडी पुसायला मऊ कापड लागतं ना तुम्हाला, हे धुऊन, कापून ठेवलंय. मी नंतर एकटा असताना ते सोडलं. पिस्ता साडी होती, सारखे चौकोन केलेली, प्रत्येकाला बारीक टीप घातलेली.

ते कापड डिकीत ठेवलंय. त्यातल्या एकाने आज सकाळी मी गाडी पुसली.