सोबत दोन माणसं नेता येतात

"मीनल गेली," दादा फोनवर म्हणाला, आणि मी त्याला विचारलं, "आजच? तारीख तर पुढच्या महिन्यातली आहे ना?"

मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभा होतो, एका हातात ट्रे, दुसऱ्या हातात फोन. मीनलवहिनी पोलंडला जाणार हे आमच्या घरात कधीपासून चाललेलं होतं. कुठली गाडी, कुठला डबा, थर्मासमध्ये चहा की कॉफी, सगळं ठरलेलं. त्यामुळे 'गेली' म्हटल्यावर मला एकच जाणं सुचलं. दादा म्हणाला, "सुहास, अरे गेली म्हणजे... गेली." इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला ट्रामच्या थांब्यावर उभी होती, डोकं धरून बाकावर बसली, आणि तिथेच. मेंदूत रक्तस्राव. एक्कावन्न वर्षांची बाई, साधी डोकेदुखीची गोळी घरात ठेवायची नाही. माझ्या हातातला ट्रे कोणीतरी काढून घेतला एवढं आठवतं. माझ्या कंपनीच्या गावाहून, हेर्त्सोगेनआउराखहून, तिच्या घरापर्यंत गाडी मीच चालवली असणार, पण मधला हायवे, तो ऑटोबान, काही आठवत नाही. आता काही आठवडे होऊन गेले, लोक म्हणतात हळूहळू पचनी पडेल. मला अजून ते खरंच वाटत नाही, आणि खोटं का होईना, मी ते तसंच ठेवलंय.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, लुडविग्सहाफेनच्या केमिकल कारखान्यात इंजिनिअर. त्याच्याशी लग्न करून वहिनी इथे आली तेव्हा पुण्यात वकिली करत होती. इथे त्या सनदेला कोणी विचारलं नाही. तिने जर्मन शिकून एका कर सल्लागाराकडे अर्धवेळ नोकरी धरली, पण तिच्यातला वकील काही रजेवर गेला नाही. घरात येणारा प्रत्येक कागद ती आडवातिडवा वाचायची, जिमच्या करारातल्या बारीक अक्षरांसकट. 'विडरश्प्रुख', म्हणजे लेखी हरकत, हा तिचा जर्मनमधला सगळ्यात लाडका शब्द. मला पार्किंगचा दंड आला की मी मुकाट भरून मोकळा व्हायचो. तिला कळलं की फोन यायचा, "अहो भाऊजी, आधी विडरश्प्रुख टाका, मग बघू." मी म्हणायचो, वहिनी, चूक माझीच होती. त्यावर ती म्हणायची, ते त्यांना सिद्ध करू द्या ना, तुम्ही कशाला त्यांचं काम हलकं करताय! मी चिडायचो. तिला मी चिडलेला आवडायचा बहुतेक, कारण ती तेवढ्यावर कधी थांबायची नाही.

त्यांच्या खालच्या मजल्यावर एक जर्मन आजी होत्या, अंथरुणाला खिळलेल्या, आणि त्यांना सांभाळायला पोलंडहून आलेली अग्न्येश्का. वहिनीची आणि तिची ओळख तळघरातल्या वॉशिंग मशीनपाशी झाली. करारात आठ तासांचं काम, प्रत्यक्षात रात्रंदिवस, आणि एजन्सीने तिला सांगून ठेवलेलं की तक्रार केलीस तर परत पाठवू. वहिनीने तो करार मागून घेतला, रात्रभर वाचला आणि दुसऱ्या दिवशी एजन्सीला जर्मनमध्ये असं पत्र लिहिलं की आठवड्याच्या आत अग्न्येश्काला सुट्टीचा दिवस मिळाला. तिथून दोघींचं जे जमलं ते जमलंच. वहिनी पोलिश शिकायला लागली, अग्न्येश्का थालीपीठ. माझी पुतणी ईरा, इथेच वाढलेली, मराठी सगळं समजतं पण उत्तर जर्मनमध्ये देणारी, आईला म्हणायची की बाई गं, हे तुझं काम नाहीये. त्यावर वहिनी म्हणायची, "गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तर करतेय."

आजी वारल्या आणि अग्न्येश्का पोलंडला तिच्या गावी परतली. तिथल्या वृद्धाश्रमात तिला नोकरी मिळाली, सरकारी. फोन चालूच होते. एकदा तिने वहिनीला एक फोटो पाठवला, गावातल्या नव्या डांबरी रस्त्याचा. रस्ता गावच्या प्रमुखाच्या, म्हणजे आपल्याकडचा सरपंच समजा, त्याच्या फाटकापर्यंत गुळगुळीत, आणि फाटकाच्या पुढे चिखल. त्या चिखलातून शाळेची बस येईना. अग्न्येश्काने तो फोटो फेसबुकवर टाकला आणि खाली एकच ओळ लिहिली, रस्ता साहेबांच्या फाटकाशीच का संपतो? वहिनी आम्हाला फोटो दाखवून हसून हसून बेजार. "बघा भाऊजी, अगदी आपल्यासारखंच! मला तर इतकं घरच्यासारखं वाटलं." दोन महिन्यांत त्या साहेबांनी बदनामीचा खटला भरला. तिकडे तो फौजदारी गुन्हा आहे. आपल्याकडेही बदनामी गुन्हाच, जर्मनीतही, तेव्हा नाकं मुरडायला कोणाला जागा नाही, हे वहिनीचंच वाक्य. शिक्षा म्हणून दंडच झाला असता कदाचित, पण गुन्हेगार हा शिक्का बसला की सरकारी वृद्धाश्रमातली नोकरी गेली, आणि त्या वयात, त्या गावात दुसरी कोण देणार? साहेबांच्या वकिलाने निरोप पाठवला होता. पोस्ट काढून टाक, माफी माग, आम्ही खटला मागे घेतो.

मी वहिनीला स्पष्ट म्हटलं होतं की तिला माफी मागून मोकळं व्हायला सांगा. कशाला नसती उठाठेव! एका ओळीसाठी पोट पणाला लावायचं? वहिनी भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवून म्हणाली, "भाऊजी, तिने शिवी दिली नाही, खोटं बोलली नाही. प्रश्न विचारला. माफी कशाची मागायची, प्रश्नचिन्हाची?" मग पुन्हा सुरी उचलून, हळू आवाजात म्हणाली की काय करायचं ते अग्न्येश्कानेच ठरवायचं, मी तिला काहीही सांगणार नाही, फक्त तिला एकटीने ठरवावं लागू नये.

आणि इथे ती दोन माणसांची गोष्ट आली. बदनामीचा खटला तिकडे बहुतेक बंद दाराआड चालतो, बघ्यांना आत सोडत नाहीत. पण कायदा म्हणतो की आरोपीला, तसंच फिर्यादीलाही, आपल्या भरवशाची दोन माणसं आत आणून बसवता येतात. त्यांनी काही बोलायचं नाही, साक्ष द्यायची नाही, नुसतं बसायचं. अशा माणसाला त्यांच्या कायद्याच्या जुन्या भाषेत 'मोंश झाउफान्या' म्हणतात. झाउफान्या म्हणजे भरवसा. आणि मोंश म्हणजे वहिनीला माहीत होता तो एकच अर्थ, नवरा. जुन्या पोलिशमध्ये त्याचा अर्थ नुसता पुरुष, माणूस असाही होतो, हे तिच्या पुस्तकात नव्हतं. तिने अग्न्येश्काला फोन करून गंभीरपणे विचारलं की अगं, भरवशाचा नवरा आणायला सांगताहेत, तुझा तर घटस्फोट झालाय, आता? पलीकडून अग्न्येश्का हसली ती थांबेचना. शेवटी म्हणाली, मग तूच हो माझा भरवशाचा नवरा. त्या दिवसापासून वहिनी दादाला सांगायची, अहो, तुम्ही नवरे असाल, पण भरवशाची मी आहे, पोलंडच्या कोर्टात नोंद होणार आहे माझी. दादा पेपरमधून मान वर न करता म्हणायचा, बरं.

दुसरं माणूस मिळालं नव्हतं. अग्न्येश्काची आई घाबरली होती, भाऊ ग्रामपंचायतीतच नोकरीला. गावात समोरून येणारे लोक रस्ता बदलायला लागले होते. अग्न्येश्काने वहिनीला सांगून टाकलं होतं की तू मागे बसलीस तर मी उभी राहू शकेन, तू नसलीस तर मी पोस्ट काढून टाकेन, मला तेवढं धाडस नाही. हे वहिनीने मला आमच्या शेवटच्या भेटीत सांगितलं. रविवार होता, तिने कांदेपोहे केले होते, आणि मी तिला चिडवत होतो की तिथे तोंड उघडायचं नसतं म्हणे, तुम्हाला जमणार आहे का? "हीच तर खरी शिक्षा आहे हो," म्हणाली, "गुन्हा तिचा आणि शिक्षा मला." निघताना जिन्यापर्यंत आली, काहीतरी राहिलं सांगायचं म्हणून थांबली, आणि मग हात हलवून म्हणाली, जाऊ दे, फोनवर बोलू.

...

अंत्यसंस्काराला अग्न्येश्का रात्रभर बसने प्रवास करून आली. इथे सगळ्याला दिवस लागतात, कागद लागतात, त्यामुळे तिला यायला वेळ मिळाला, एवढाच या देशाच्या पद्धतीचा उपयोग. अंत्यविधीची व्यवस्था बघणारा माणूस दादाला फार सौजन्याने संगीत कोणतं हवं ते विचारत होता. अग्न्येश्काने पांढरी फुलं आणली होती, पाच. ती मला जर्मनमध्ये म्हणाली, आमच्याकडे मेलेल्या माणसाला सम आकड्यात फुलं देतात, जिवंत माणसाला विषम. दुकानात बाईने विचारलं, अंत्यविधीला ना, मग सहा घ्या. मी पाचच घेतली, माझ्याकडून सहा म्हणवेना. मला अग्न्येश्काचा इतका आधार वाटला म्हणून सांगू... त्या हॉलमध्ये माझ्याइतकंच हे न पटलेलं आणखी कोणीतरी होतं.

बाहेर आल्यावर तिने फोन काढून दाखवला. ती पोस्ट. म्हणाली, घरी पोचले की काढून टाकते. मला काय झालं माहीत नाही. मला त्या रस्त्याशी काही घेणंदेणं नव्हतं, आजही नाही. मी म्हटलं, थांब, मी येतो. ती म्हणाली, तुला पोलिश येत नाही. मी म्हटलं, नुसतं बसायचं असतं ना? मला वहिनीपेक्षा बरं जमेल.

तर मी गेलो. लहान गावातलं लहान कोर्ट, भिंतीवर पोलंडचं राजचिन्ह असलेला गरुड, न्यायाधीश बाईंच्या गळ्यात साखळी आणि साखळीलाही गरुड. दार बंद झालं. आत जे काही बोललं जाईल ते बाहेर सांगायचं नाही, सांगितलं तर तोही गुन्हा, अशी समज त्यांनी आम्हाला दिली, अग्न्येश्काच्या वकिलाने ती माझ्या कानात जर्मनमध्ये सांगितली. कायदा म्हणजे कायदा. रस्त्याबद्दल कोण काय म्हणालं, काय विचारलं गेलं, ते मी इथे लिहिणार नाही, आणि खरं सांगायचं तर मला कळलंही नाही. पण खुर्चीबद्दल बोलू नका असं काही त्या बाई म्हणाल्या नव्हत्या.

आमच्या बाजूला भिंतीशी दोन खुर्च्या होत्या. मला वाटलं होतं मी वहिनीच्या जागी आलोय. अग्न्येश्काने मला दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. मी दुसरं माणूस होतो. पहिली खुर्ची तिने तशीच ठेवली, आणि जाऊन पुढे उभी राहिली, पाठमोरी, हात मागे घट्ट बांधून. साहेबांच्या बाजूनेही दोन जण आले होते, जाडजूड, घामेजलेले. त्यातल्या एकाने आपला ओव्हरकोट काढला, इकडे तिकडे बघितलं आणि सहज, काही वाईट मनात न आणता, तो माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवायला वाकला.

"तिथे बसलंय कोणीतरी," मी म्हणालो. मोठ्याने. मराठीत.

सगळं कोर्ट वळून बघायला लागलं. मी आयुष्यात कुठल्या साहेबासमोर आवाज चढवलेला नाही, पार्किंगचा दंडसुद्धा मुकाट भरणारा माणूस मी, आणि माझाच आवाज मला ओळखू येईना.  न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे, मग त्या माणसाकडे, आणि बोटाने त्याला कोट उचलायला सांगितलं. अग्न्येश्काला मराठीतलं फक्त थालीपीठ कळतं. पण ती वळली, माझ्याकडे नाही, शेजारच्या खुर्चीकडे बघितलं, बराच वेळ, आणि पुन्हा पुढे तोंड करून उभी राहिली. हात सोडले होते तिने.

त्यानंतर ती काय बोलली ते मला सांगता येणार नाही. खटला चालू आहे, निकाल कुठल्या बाजूने लागेल कोणी सांगू शकत नाही, नोकरी अजून टांगणीलाच आहे. पण मी काल रात्री पुन्हा एकदा बघितलं. रस्त्याचा फोटो तिथेच आहे. त्याखालची ओळही आहे, प्रश्नचिन्हासकट.