छत्रीवाले भाऊ

"पक्ष छोटा आहे, पण आहे!" असं म्हणत भाऊ माझ्या दुकानाची पायरी चढले, की ओळखावं, निवडणूक लागली. कासा गावच्या बाजारात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. पूर्वी मी भिंती रंगवायचो, म्हणून ते मला शेवटपर्यंत पेंटरच म्हणाले.

त्यांच्या पक्षाचं नाव सांगितलं तरी तुम्हाला आठवायचं नाही. तालुकाध्यक्ष, प्रवक्ता आणि सभेत सतरंजी अंथरणारा कार्यकर्ता, सगळं भाऊच. एकदा मोठ्या पक्षाच्या माणसांनी त्यांना चारोटीच्या हॉटेलात बोलावून उपाध्यक्षपद देऊ केलं. भाऊ चहा पिऊन परत आले. म्हणाले, "उपाध्यक्ष तर मी माझ्या पक्षातपण नाय ठेवला, पेंटर. मग कामं कोण करणार?"

कामं म्हणजे गंजाडच्या आतल्या पाड्यांवरची. कुणाचा दाखला अडला, कुणाची सून बाळंतपणात अडली, की भाऊ रस्त्यावरची एखादी जीप थांबवून सोबत निघालेच. त्यांना फक्त एकदा निवडून यायचं होतं. "पंचायत समितीत उभा राहून एकेका पाड्याचं नाव घेणार. तिथे कुणी ती नावं ऐकलेलीच नायत," असं म्हणताना त्यांचा आवाज हळू व्हायचा.

अशा पक्षाला हक्काचं चिन्ह नसतं, दर निवडणुकीला मागून घ्यावं लागतं. भाऊंना लागोपाठ दोनदा छत्री मिळाली. दोन्ही वेळा पडले, पण मतं वाढली. निकाल लागला की ते आपले फ्लेक्स उतरवून पाड्यांवर वाटायचे. कुडाच्या भिंतीला आतून बांधला की वारा अडतो. त्यामुळे त्या घरांत उठता-बसता छत्री दिसायची.

तिसऱ्या वेळी एका अपक्षानेही छत्रीच मागितली. चिठ्ठी टाकली, ती त्याच्या नावाची निघाली. भाऊंच्या वाट्याला आलं शिवणयंत्र.

मी म्हटलं, "भाऊ, आधी ते जुने फ्लेक्स काढून आणा. त्याचा फुकटात प्रचार चाललाय."

"कडक झालेत रे ते. ओढले की फाटतील. या थंडीत म्हाताऱ्यांच्या अंगावर वारा सोडू?" मग हसून म्हणाले, "लोक मला ओळखतात, चित्राला नाय."

भाऊ थोडक्यात पडले. ज्या अपक्षाचं तोंडही त्या पाड्यांनी पाहिलं नव्हतं, त्याच्या छत्रीला तिथून भरभरून मतं पडली होती.

निकालानंतर मी त्यांच्यासोबत पाड्यावर गेलो. एका म्हातारीने लगबगीने येऊन त्यांचा हात धरला. "तुलाच मत दिला रे भाऊ! छत्रीवरच बोट दाबला. सुनेलापण तेच सांगितला."

मी तोंड उघडणार, तोच भाऊंनी माझा दंड दाबला. "मिळाला आजी. तुमचा सगळ्यांचा मत मिळाला."

"मग पडलास कसा?"

"दुसऱ्याला जास्ती मिळाला."

परतताना जीपमध्ये ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला त्यांचा रागही आला होता आणि रडूही येत होतं. सांगायला काय हरकत होती? पण त्या म्हातारीच्या तोंडावरचं समाधान मी पाहिलं होतं, ते मोडायची हिंमत माझीही झाली नसती.

पुढची निवडणूक लागायच्या आधीच भाऊ गेले. घरीच, झोपेत. त्यांच्या पक्षाची पाटी कुणी काढली तेही कळलं नाही.

परवा बाजाराच्या दिवशी तीच म्हातारी विचारत विचारत माझ्या दुकानात आली. "यंदा भाऊचा चित्र कोणता?"

मला वाटलं, तिला कुणी सांगितलंच नाही. मी तिला बसवलं. "आजी, भाऊ गेले."

"ता माहीत हाय रे. रडून झाला माझा." तिने पदराने तोंड पुसलं. "मत कुठं द्यायचा, ता सांग."

मशीनवर उमेदवारांचे फ्लेक्स एकामागून एक छापून निघत होते. मला त्यांतल्या एकाकडेही बोट दाखवता आलं नाही.