अंधार मागणारी पानफुटी

गावाकडं ज्या झाडाकडं कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं, तेच झाड शहरात तुमच्या लाडानं का मरतं?

आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या गावातून मी पुण्याला निघाले, तेव्हा आईनं भिंतीवरच्या तेलाच्या डब्यातल्या पानफुटीचं एक जाड पान खुडलं. पानफुटी शेळ्यांना बाधते, म्हणून तिची जागा कायम उंचावर. बाबांच्या जुन्या पत्रकात गुंडाळून ते पान आईनं माझ्या पिशवीत कोंबलं. बाबा आयुष्यभर पत्रकं काढत आले. नळाला पाणी द्या, रात्रीची वीज द्या. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. एसटी हलली तरी आई खिडकीशी चालत होती. "मातीवर नुसतं ठेव. गाडू नकोस, माय."

पुण्यात पिशवी काही दिवस तशीच पडून राहिली. पत्रक उलगडलं, तर पानाच्या कडेला इवली रोपं फुटलेली. खोलीत मी एकटी आणि पानाला लेकरं झालेली.

त्यातलं एक कुंडीत वाढलं. मी त्याला रोज पाणी घालायची. हंडाभर पाण्यासाठी बायका भांडताना पाहत मी मोठी झाले. इथं नळ सोडला की धार. मग माझ्या रोपानं तहानलेलं का राहायचं? माझ्यासाठी तो तत्त्वाचा प्रश्न होता. एके दिवशी खोड बुंध्याशी काळं पडलं, दाबलं तर मऊ लागलं.

"काहून पाणी घालून राहिलीस त्याला?" आई फोनवर म्हणाली. "पानातच भरलंय ना पाणी."

"उन्हाळा आहे गं."

"तुझ्या बापानं मोर्चा माणसांसाठी काढला होता. पानफुटी न्हाई आली त्यात."

तिनं सांगितलं तसा चांगला शेंडा कापला, सावलीत सुकू दिला आणि वाळू मिसळलेल्या मातीत लावला. माती पार कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. शेंडा जगला.

त्याच वर्षी गावातला रस्ता रुंद झाला. आमची भिंत गेली, डबाही ढिगाऱ्यात गेला. बाबांनी त्यावरही पत्रक काढलं. आई एवढंच म्हणाली, "आता तुझ्यापाशीच हाय. फुललं की सांग."

हिवाळा आला आणि गेला. पानं तकतकीत, फूल एकही नाही. मला आईला फोन करायची लाज वाटायला लागली.

शेवटी तिनंच विचारलं, "रातच्याला तिथं दिवा असतो का?"

होता. खिडकीशीच माझं टेबल, कुंडीच्या डोक्यावर ट्यूब.

"अंधार दे तिला. आपल्याकडं दिवस मावळला की लाइट जायची, तवा कशी लदलदून फुलायची."

ज्या अंधाराविरुद्ध आमच्या घरात शाईचे डबे रिकामे झाले, तोच या झाडाला हवा होता. पत्रकं चुकीची नव्हती, हे मी आजही ठासून सांगेन. त्या मागण्या माणसांच्या होत्या. झाडाला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या थंडीत दिवस कलला की कुंडी माळ्याखालच्या काळोखात ठेवायची, सकाळी परत उन्हात. कामावरून धावत यायचे तिच्यासाठी. मग उंच दांडा आला आणि त्यावर लालसर, कागदी कंदिलांसारखी फुलं लोंबली. फोटो पाहून आई म्हणाली, "बराबर. आता एक पान घेऊन ये. भिंत नवी हाय, दुसरा डबा मी धुऊन ठेवलाय."

घर म्हणजे पूर्वी मला तो डबा असलेली भिंत वाटायची. आता वाटतं, जिथं आपल्या हातातल्या पानासाठी कुणी डबा धुऊन ठेवतं, ते घर.

माझ्यासारखे जे निघून आलात, त्यांनी आज एक करा. माझ्या पानफुटीला रोजचं पाणी नको होतं, रात्रीचा दिवा नको होता. तसं घरी फोन लावा आणि काय पाठवू हे विचारण्याआधी, काय नको ते विचारा.